आरसा, खिळा आणि सहा वाजून आठ मिनिटं

गुरुवार, २१ मार्च २०२४. सकाळचे सव्वासहा. फ्रीलान्सर माणसासाठी ही वेळ म्हणजे टोटल मध्यरात्र. फोन वाजला, स्क्रीनवर 'आई'. घरापासून लांब राहणाऱ्यांना सांगायला नकोच, अशा वेळी घरचा फोन आला की पोटात कसा गोळा येतो ते.

"घाबरू नकोस. भूकंप झाला. सगळे ठीक आहेत. तुझा आरसा पडला."

तुझा! आरसा आजीचा, घर पप्पांचं, भिंत घराची. पण पडला म्हटल्यावर तो माझा. कारण २०२३ च्या दिवाळीत तो मी लटकवला होता. स्वतःच्या हातांनी, दोन खिळ्यांवर, 'हाय काय अन् नाय काय' म्हणत. मी काही बोलणार तोच आई म्हणाली, "अगं माय, परत हलायलंय!" आणि फोन कट.

पुढची पंधरा मिनिटं मी पुण्यातल्या माझ्या खोलीत नुसती येरझाऱ्या घालत होते.

आमचं गाव कळमनुरी. पुण्यात सांगितलं की लोक आधी छान हसतात, मग विचारतात, "हे कुठेशी आलं?" तर हिंगोली जिल्हा, हिंगोली-नांदेड रस्ता, तालुक्याचं गाव. १९९९ मध्ये हिंगोली वेगळा जिल्हा होईपर्यंत आम्ही परभणीवाले होतो. त्या सकाळी मात्र टीव्हीवर आमचाच तालुका. ६ वाजून ८ मिनिटांनी ४.५ रिश्टरचा धक्का, ६ वाजून १९ मिनिटांनी ३.६ चा दुसरा, आणि केंद्रबिंदू आखाडा बाळापूरच्या परिसरात. म्हणजे आमच्या घरापासून एसटीनं जाऊन चहा पिऊन परत यावं इतक्या अंतरावर! तसं शेजारच्या वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे गावात जमिनीतून आवाज येतात, ही बातमी आम्ही कित्येक वर्षं वाचत आलोय. वाचायचो आणि पान उलटायचो.

धक्क्यांनी मोठं नुकसान झालं नाही, हे नशीबच. पण आमच्या बैठकीच्या खोलीत एक खिळा भिंतीतून सुटला, आरसा दुसऱ्या खिळ्यावर झोका घेत खाली आला आणि चौकटीचा कोपरा कॉटवर आदळला. गादी होती म्हणून काच वाचली. त्या जागी एरवी उशी असते. आणि उशीवर आजीचं डोकं.

आजी त्या वेळी न्हाणीत होती. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेले, पण साडेपाचला उठायची सवय काही जात नाही. त्या सवयीचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

आता त्या आरशाबद्दल. आजीच्या लग्नात तिच्या माहेराहून, नांदेडहून आलेला. पाच फूट उंच, अडीच फूट रुंद, सागवानी चौकट. घरात सगळे त्याला 'बेल्जियमचा' म्हणतात. मागे शिक्का-बिक्का काही नाही, पण मराठी घरातला प्रत्येक जुना आरसा बेल्जियमचाच असतो, त्यावर वाद घालायचा नसतो. कडेनं काळे ठिपके पडलेत. काचेमागच्या चांदीच्या थराला ओल लागली की ते पडतात. काचेवर रसायनानं चांदी चढवायची युक्ती १८३५ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ लीबिग यांनी काढली. म्हणजे आपण रोज सकाळी ऑफिसला जाताना केस विंचरतो ते एका केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलमध्ये बघत.

आमचं जुनं घर माळवदाचं. दोन-दोन फूट जाड मातीच्या भिंती, कोनाडे, खुंट्या. तिथे हा आरसा पन्नास वर्षं होता, एकदाही हलला नाही. मग पप्पांनी स्लॅबचं घर बांधलं, आरसा वर्षभर गोधडीत गुंडाळून पडला, आणि दिवाळीला घरी आलेल्या माझ्या अंगात इंटिरियर डेकोरेटर संचारला. कॉटच्या बरोबर वर मोठा आरसा! खोली कशी डबल दिसते, प्रकाश कसा खेळतो वगैरे. फोटो सॉलिड आले. आजी एवढंच म्हणाली होती, "मला इथून काय दिसायलंय त्यात?" मी ते चक्क कानाआड केलं.

शुक्रवारी रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली. होळी रविवारी, सोमवारी धुळवड, सुट्टी आपोआप जुळली. घरी पोचले, आजीच्या पाया पडले आणि रडायला लागले. ती म्हणे, "कामून रडायलीस? आरसा धड आहे की." आरशासाठी नव्हे गं आजी.

दुपारी सुतारमामा आले. पप्पांच्या ओळखीतले, घराच्या दारं-खिडक्यांचं काम त्यांचंच. भिंतीतलं भोक पाहिलं, जमिनीवर पडलेला माझा खिळा उचलला, बोटांत फिरवला. "ताई, हा कशात ठोकला होता?"

"भिंतीत."

"भिंतीत न्हाई. गिलाव्यात."

इथे माझा पहिला फंडा क्लिअर झाला. आपल्याला दिसते ती भिंत म्हणजे वरचा रंग आणि त्याखालचा पाऊण-एक इंच गिलावा. वजन पेलणारी वीट त्याच्या मागे. माझा तीन इंची खिळा तिरका शिरून गिलाव्यात आणि दोन विटांमधल्या सांध्यात अडकला होता. सांध्यातला माल कच्चा असेल तर तो रोज कणाकणानं ढिला होतो. दार आपटलं, वरच्या मजल्यावर कुणी खलबत्ता कुटला, तरी होतो. भूकंपानं फक्त शेवटचा धक्का दिला. शिवाय भिंत चार इंची, दोन खोल्यांमधली. बाहेरची भिंत नऊ इंची असते आणि कॉलम तर सिमेंट-लोखंडाचाच. जड वस्तू कुठे टांगायची याचा निम्मा निकाल इथेच लागतो.

मामांनी भिंतभर बोटाच्या पेरांनी टकटक केलं. भरीव आवाज आला की पुढे, डबडब वाजलं की तिथे गिलावा विटेपासून सुटलाय, ती जागा बाद. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेगही त्यांनी दाखवली. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, पाया वरखाली होतो, भिंतीला असल्या रेघा पडतात. भेगेच्या आसपास काही टांगायचं नाही. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली नाही, तिथून वायरींचा पाइप जातो. न्हाणीच्या भिंतीला नाही, तिथे नळ.

मग वजन. माझा अंदाज होता दहा किलो. मामा हसले. हिशेब एकदम सोपा आहे, लक्षात ठेवा: एक चौरस फूट काच, एक मिलिमीटर जाड, म्हणजे साधारण पाव किलो. आमची काच साडेबारा चौरस फूट, सहा मिलिमीटर जाड. करा गुणाकार. अठरा-एकोणीस किलो झाली नुसती काच! वर सागवान. पप्पांनी आरसा उचलून वजनकाट्यावर उभं राहून पाहिलं, मग स्वतःचं वजन वजा केलं. तेवीस किलो. पाण्याचा वीस लिटरचा जार भरून आजीच्या उशीवर टांगला असता तर घरच्यांनी मला वेड्यात काढलं असतं. आरसा होता म्हणून कुणी बोललं नाही.

तारेवर आरसा टांगणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी मला शाळेतल्या भौतिकशास्त्रात बहुतेक शिकवली होती. चौकटीच्या दोन कड्यांना तार बांधून ती मधल्या एका खिळ्यावर अडकवली, तर तार जितकी ताठ तितका तिच्यावर ताण जास्त. तार आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल तर प्रत्येक बाजूला आरशाच्या पूर्ण वजनाइतका ओढा. १५ अंश असेल तर जवळपास दुप्पट. म्हणजे आमच्या तेवीस किलोंना प्रत्येक कडी चव्वेचाळीस किलोंनी ओढली जाईल. 'तार दिसायला नको' म्हणून आपण ती ताठ बांधतो आणि स्वतःच वाट लावून घेतो.

या सगळ्या गणितात आजी कॉटवर बसून सुपारी कातरत होती. मध्येच म्हणाली, "जुन्या घरात तो लटकत कुठं होता? उभा होता."

आम्ही सगळे गप्प. मग पप्पांना आठवलं. खरंच की! माळवदात आरशाच्या खाली दोन जाड लोखंडी मेखा होत्या, त्यांवर चौकट टेकलेली. वर खुंटीला दोरी होती ती फक्त आरसा पुढे झुकू नये म्हणून. सगळं वजन खालून पेललेलं. पन्नास वर्षं न पडण्यामागे बेल्जियमचं काही नव्हतं, त्या दोन मेखा होत्या.

मामांना हे एकदम पटलं. ठरलं असं: आरसा खालून टेकवायचा, वरून अडकवायचा आणि तिसरं म्हणजे उडू द्यायचा नाही. धक्का बसतो तेव्हा वस्तू आडवी हलते तशी उसळतेही, आणि हुकावर नुसती ठेवलेली चौकट उसळली की हुकातून निघते. १९९५ च्या कोबेच्या भूकंपात घरातली कपाटं, सामान अंगावर पडून कितीतरी माणसं दगावली, तेव्हापासून जपानमध्ये कपाटं भिंतीला आवळून ठेवा असं लोकांना सतत सांगतात. आपल्याकडे मार्चच्या धक्क्यानंतर प्रशासनानं टिनपत्र्यांवर ठेवलेले दगड काढून घ्या म्हणून आवाहन केलं होतं. तीच गोष्ट. जमीन हलते तेव्हा माणसाला मारते ती डोक्यावरची जड वस्तू. मराठवाड्यात हे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारी, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. मी तेव्हा जन्मले नव्हते, पण पप्पा आजही चार वाजता जाग आली की आधी छताकडे बघतात. तिथे माणसं झोपेत दगड-मातीच्या जड भिंती आणि माळवदांखाली गेली. आमच्या धक्क्याच्या तीनशेहून जास्त पट ऊर्जा होती त्यात.

पण आरसा लावायचा कुठे? पप्पांना कॉटपासून लांब, आतल्या खोलीत हवा होता. आईला तर नकोच होता, माळ्यावर टाका म्हणाली. शेजारच्या काकूंनी वास्तूचा मुद्दा काढला. आजीला विचारलं तेव्हा कळलं की ती दिवाळीपासून का कुरकुरत होती. जुन्या घरात तिच्या बाजेसमोर आरसा होता आणि त्यात तिला दार, ओसरी आणि गल्लीचा तुकडा दिसायचा. कोण आलं, कोण गेलं, पोरं शाळेतून आली का, भाजीवाली थांबली का. गुडघे गेल्यापासून तिचं जग तेवढंच, आणि मी ते तिच्या डोक्याच्या मागे नेऊन टांगलं होतं. तेही फोटोसाठी.

मग कॉट हलवली. समोरच्या नऊ इंची भिंतीवर, कॉलमला लागून, खाली कुणी झोपत-बसत नाही अशी जागा निघाली. आजीला कॉटवर बसवून मी आणि पप्पा आरसा धरून इकडेतिकडे सरकत होतो. "डावीकडं. अजून. हां, दिसलं फाटक." पेन्सिलची खूण तिथे.

ड्रिल मशीन भाड्यानं आणलं होतं आणि पहिलं भोक मी पाडलं, हट्टानं. इथे मामांनी धूळ वाचायला शिकवलं. पांढुरकी येते तोवर गिलावा, लाल आली की वीट, राखाडी आली आणि मशीन अडायला लागलं की कॉलमचं काँक्रीट. लाल येऊन मध्येच वाळूसारखी करडी भुसभुशीत आली तर सांधा लागला, भोक इंचभर वर-खाली घ्या. बिटला किती खोल जायचं तिथे चिकटपट्टी गुंडाळायची. भोकातली धूळ सायकलच्या पंपानं उडवायची, नाहीतर रावल प्लग नीट पकडत नाही. (हा 'रावल' कुणी गुजराती शेठ असावा असं मला कायम वाटायचं. निघाला जॉन जोसेफ रॉलिंग्ज नावाचा इंग्रज, १९११ च्या सुमाराचा. त्याआधी लोक भिंतीत चौकोनी भोक पाडून लाकडाची गुट्टी बसवायचे.) प्लग गिलाव्याच्या पुढे, पूर्ण विटेत गेला पाहिजे. स्क्रू आवळला की तो फुगतो, आणि गिलाव्यात फुगला तर गिलाव्याचाच पापुद्रा निघतो.

सागवानी पट्टी पाऊण इंच, गिलावा पाऊण इंच, विटेत दोन इंच. साडेतीन इंची स्क्रू. असे पाच, एकाच विटेत दोन येऊ नयेत इतक्या अंतरानं. पट्टीची वरची कड मामांनी तिरकी तासली होती, आतल्या बाजूला उतरती. तशीच उलटी पट्टी आरशाच्या पाठीला स्क्रूनं. वरची खालचीवर बसली की आरसा आपल्याच वजनानं भिंतीकडे ओढला जातो. मोठी कपाटं लावायची ही जुनी सुतारी पद्धत आहे, कुठल्याही चांगल्या मिस्त्रीला सांगा, लगेच कळतं. चौकटीखाली लोखंडी एल अँगल दोन, त्यांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे. आणि वर चौकटीच्या डोक्यावर दोन छोट्या लाकडी फिरक्या, आरसा उसळला तरी पट्टीतून सुटू नये म्हणून. सगळं झाल्यावर मामांनी उघड्या खालच्या पट्टीला दोन्ही हातांनी लटकून पाय उचलले. सत्तरेक किलोचा माणूस! मग म्हणाले, "आता आणा."

चार माणसं, एक दुपार, मजुरी आणि सामान मिळून माझ्या एका लेखाचं मानधन. माझे दिवाळीचे खिळे वीस रुपयांचे होते.

पुण्याच्या भाड्याच्या फ्लॅटवाल्यांनो, तुमचा मुद्दा माहितेय. मालक एका भोकाचे डिपॉझिटमधून किती कापेल कुणास ठाऊक. शिवाय नव्या बिल्डिंगमध्ये पुष्कळदा विटाच नसतात, हलके पांढरे ब्लॉक असतात. ड्रिल लोण्यासारखं आत जातं, स्क्रूही तसाच बाहेर येतो. त्यांच्यासाठी वेगळे, लांब दात्यांचे प्लग मिळतात, ते मागून घ्या. नाहीतर सरळ आजीचा मार्ग धरा, आरसा जमिनीवर उभा करा. फक्त वरची कड भिंतीला पट्ट्यानं बांधायला विसरू नका, त्याला एखादंच बारीक भोक लागतं. माझ्या खोलीतला तसाच उभा आहे. काचेच्या पाठीला रुंद चिकटपट्ट्याही आडव्या-उभ्या मारल्यात. फुटलाच तर सुऱ्या इकडेतिकडे उडायला नकोत. आजीच्या जुन्या आरशाला मात्र चिकटपट्टी लावली नाही, काढताना चांदीच निघाली असती.

बुधवार, १० जुलै २०२४. सकाळी ७ वाजून १४ मिनिटं. पुन्हा ४.५, पुन्हा आमचाच तालुका, या वेळी केंद्र रामेश्वर तांडा. नांदेड, परभणी, वाशीमपर्यंत जाणवला. घरचे सगळे फोन बिझी. सातव्या की आठव्या वेळी आईचा लागला, उचलला आजीनं. तिला उचलायचं कोणतं बटण ते माहीत आहे, बंद करायचं माहीत नाही.

"आजी! कुठे आहेस? आरसा?"

"आरसा जागेवर हाय. मी बी."

"तू बाहेर का नाही गेलीस?"

"हे गुडघे घेऊन? चहा पिऊ लागले होते. आरशात सगळं दिसलं बघ. गल्ली पळाली सगळी. दूधवाला क्यान टाकून पळाला. तुझा बाप फाटकापर्यंत गेला. तुझी आई पण गेली, मग वळली, चप्पल बी न घालता माघारी आली माझ्याकडं." थोडं थांबली. "तिला सांगू नको मी पाहिलं म्हणून."

"नाही सांगत."

"अन् मिस्त्र्याला फोन कर. डावीकडची फिरकी ढिली वाटायली. आवळून जा म्हणावं."